काशिनाथकाकांच्या दंडावरच्या दोन जागा

दुपारच्या पाळीला आमच्या खोलीत एक गुंगी उतरायची. हिरव्या पडद्यांतून ऊन रंग बदलून आत येई आणि सहा पलंगांवरची सहा माणसं तळ्याच्या तळाशी निजल्यासारखी दिसत. प्रत्येकाच्या शेजारी एक मशीन, मशीनवर फिरणारा छोटा पंप आणि त्या पंपाची संथ घरघर. त्या आवाजात माणूस धड झोपत नाही आणि धड जागाही राहत नाही. असे चार तास, आठवड्यातून तीनदा, उरलेलं आयुष्यभर.

त्या चार तासांत लोक मला स्वप्नं सांगत. किडनी गेलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, त्यामुळे डोळा लागला की सगळे पाण्यात शिरत. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतले निवृत्त सुपरवायझर होते. ते स्वप्नात दर वेळी एका टाकीवर चढत आणि झाकण उघडून आत तोंड घालत. सुकापूरच्या एक शिक्षिका होत्या. त्यांच्या स्वप्नात शाळेचे सगळे नळ वाहत राहिलेले असत आणि त्या वऱ्हांड्यात उभ्या राहून नुसत्या ऐकत असत. जाग आल्यावर त्या अपराधी चेहऱ्याने मला विचारायच्या, "मी काही बोलले का हो झोपेत?" मी नाही म्हणायचो. बोललेल्या असायच्या.

पनवेलच्या एका खासगी रुग्णालयात मी डायलिसिस टेक्निशियन होतो. एक्स्प्रेसवे होऊन काही वर्षं झाली होती, विमानतळाच्या नुसत्याच बातम्या येत होत्या आणि खाडीकाठच्या गावांत बंगले उठत होते, तो काळ. मी रोह्याकडच्या एका लहान गावातला. वडील न्हावी. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तोही एका गुरुजींनी स्वतः फॉर्म भरून दिला म्हणून. वडिलांचा हात हलका, असं सगळं गाव म्हणे. तान्ह्या पोरांचं जावळ काढायला दूरदूरहून बोलावणं यायचं. मूल रडायचं नाही. पुढे पेशंट मला म्हणू लागले, "तुमचा हात हलका आहे हो," तेव्हा ते मी घरी फोन करून सांगितलं. वडिलांनी फोन आईच्या हातात दिला. आई म्हणाली, ते बाहेर जाऊन उभे राहिलेत.

आता हे काम काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की सगळं मशीन करतं. मशीन रक्त गाळतं हे खरं. पण गाळायला रक्त भराभर बाहेर आलं पाहिजे आणि तितक्याच भराभर आत गेलं पाहिजे. हाताची साधी शीर एवढा ओघ देत नाही. म्हणून सर्जन छोटं ऑपरेशन करून हातातली एक धमनी शेजारच्या शिरेला जोडतात. धमनीचा जोर शिरेत शिरतो आणि दोनेक महिन्यांत शीर फुगून दोरीसारखी जाड होते. याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. ती थरथर चालू आहे तोवर त्या माणसाचा डायलिसिस चालू. ती थांबली, म्हणजे आत गुठळी झाली, की पुन्हा नवी जागा शोधायची. आणि माणसाच्या अंगावर अशा जागा फार नसतात.

दर डायलिसिसला या शिरेत दोन जाड सुया घालाव्या लागतात. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. हे काम टेक्निशियनचं. सुई पाहिलीत तर तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलणार नाही.

काशिनाथकाका आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा उजवा हात आधीच वाया गेलेला होता. मनगटावरचा फिस्टुला तिसऱ्या महिन्यात बंद पडला. मग मानेत नळी घातली, तिला जंतू लागले, आणि हुडहुडी भरून ते आठ दिवस अतिदक्षता विभागात पडून होते. नंतर डाव्या दंडात नवा फिस्टुला केला, तो टिकला. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, मथुराबाईंना, बसवून सांगितलं होतं की हा हात आता तुमच्या नवऱ्याचा जीव आहे. त्या हाताने वजन नाही, त्यावर ब्लडप्रेशरचा पट्टा नाही, घट्ट घड्याळ नाही, त्यावर डोकं ठेवून झोपणं नाही. मथुराबाई त्या हाताला तुळशीला जपावं तशा जपत.

काका आगरी, खाडीकाठच्या गावातले. आयुष्यभर मिठागरात काम केलेलं. टाचा अजून मिठाने चिरलेल्या होत्या. जेवणात मीठ बंद झाल्यावर ते पहिल्यांदा हसले होते म्हणे. जलमभर मीठ पिकवला, आता मीठच वैरी झाला, असं ते सगळ्या नव्या पेशंटांना ऐकवत. त्यांचं स्वप्न वेगळं होतं, त्यात प्यायचं पाणी नसे. भरती चढत असते, ते बांधावरून चालत असतात, दोन्हीकडे मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि बांध संपतच नाही. डोळे मिटून ते मला हे सांगत आणि त्यांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर हळूहळू चालत राहत.

पहिल्या दिवशी मी सुई घातली तेव्हा काका ओरडले. दुसऱ्या खेपेलाही. दुखण्याची त्यांना फार भीती होती आणि त्याची लाजही वाटायची, कारण शेजारच्या शिक्षिका निमूट टोचून घेत. दोनेक आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की कोपराच्या वर एक जागा आहे आणि तिच्यापासून चार बोटांवर दुसरी, तिथे पुन्हा टोचलं तर त्यांना कमी दुखतं. पुढे तर कळतही नव्हतं. त्यात गूढ काही नाही. एकाच जागी वारंवार टोचलं की कातडी बधिर होते. आम्हाला शिकवताना स्पष्ट सांगितलेलं होतं की जागा बदलत जायची, शिडीच्या पायऱ्या चढाव्यात तशी, आज इथे, परवा त्याच्या वर, तेरवा आणखी वर. खालपासून वरपर्यंत गेलं की परत खालून सुरुवात. ठरवून एकाच छिद्रातून सुई घालायची एक वेगळी, शिस्तीची पद्धत असते, तिला बोथट सुया लागतात. मी करत होतो ती ती पद्धत नव्हती. मी फक्त सोपं ते करत होतो.

मी अधूनमधून म्हणायचो, काका, आज जरा वर घेऊ. ते माझा हात धरत.

"तिथंच टोच रं बाला. मना कलत पन नाय तू कवा टोचलास त्यो."

आणि मी तिथेच टोचायचो. खोलीत माझं नाव होत होतं. मी रजेवर असलो की काका पाळी बदलून घेत. दुसऱ्या टेक्निशियनने, शकीलने, एकदा मला विचारलं होतं की भाई, तू यांची जागा कधी बदलतोस का. मी म्हणालो, बदलतो की. शकील माझ्यापेक्षा अनुभवी होता. त्याने एवढंच म्हटलं, "देख लेना." त्याचे पेशंट विव्हळत आणि माझे विव्हळत नसत. मला वाटलं, त्याला तेच खुपतंय.

अशी दोन वर्षं गेली. काकांच्या दंडावर त्या दोन जागी शीर फुगत गेली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी, दोन गोल उंचवटे. वर कातडी तुकतुकीत. मी तो हात शिकाऊ मुलींना दाखवत असे. बघा, फिस्टुला कसा तयार झालाय, सुई घालायला डोळे मिटले तरी चालतील. काका पण दंड पुढे करत, पैलवानासारखा.

एका गुरुवारी आमचे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी काकांच्या हातावरची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. ती चिमटीत येईना. त्यांनी पुन्हा पाहिलं. वरच्या उंचवट्यावर एक खपली होती, ती गेल्या आठवड्यातली होती आणि बरी झालेली नव्हती. डॉक्टर मोठ्याने बोलत नसत. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "दोन वर्षं तू इथेच टोचतोयस?"

मी हो म्हणालो.

"हा फुगा आहे. शिरेची भिंत पातळ झालीय, वरची कातडी पण. ही खपली सुटली तर धमनीचं रक्त थेट बाहेर येईल. किती वेळ लागतो माणूस जायला, तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. त्यांनी मुंबईच्या सर्जनची वेळ घ्यायला सांगितलं. वेळ बारा दिवसांनंतरची मिळाली. तोवर त्या दोन जागांना हात लावायचा नाही, आणि घरच्यांना अंगठा शिकवायचा.

अंगठा शिकवायचा म्हणजे हे. फिस्टुलातून रक्त उडालं तर घाबरून लोक टॉवेल गुंडाळतात, हळद दाबतात, वर दोन चादरी बांधतात. रक्त त्यांच्या आतून वाहतच राहतं. करायचं एवढंच असतं की नेमक्या छिद्रावर अंगठा ठेवायचा, हात वर धरायचा आणि अंगठा काढायचा नाही. पाहायला म्हणूनसुद्धा नाही. मी मथुराबाईंना हे शिकवलं. माझ्या स्वतःच्या हातावर त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. त्यांचा अंगठा लाकडासारखा होता. त्यांनी विचारलं, किती येल दाबायचा. मी म्हणालो, आमच्यापैकी कोणी सांगेपर्यंत.

हे का करावं लागतंय ते मात्र मी सांगितलं नाही. म्हणालो, शीर जरा फुगलीय, होतं असं. पुढच्या नऊ दिवसांत चार वेळा मी काकांना नव्या जागी टोचलं आणि चारही वेळा ते ओरडले. एकदा शीर फुटून दंड काळानिळा झाला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या जागी कोणी दुसराच येऊन उभा राहिला होता.

दहाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, खाली गेटवर रिक्षा थांबली. वॉर्डबॉय धावत वर आला आणि म्हणाला, तुमचा तो मिठागरवाला. मी जिन्यावरून उतरलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की रिक्षाच्या मागच्या सीटवर काका आडवे होते, पांढरे पडलेले, पण डोळे उघडे. मथुराबाई त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या. काकांचा डावा हात त्यांनी उंच धरला होता आणि उजवा अंगठा दंडावर रोवलेला. लुगडं, रिक्षाचा रबरी मॅट, सगळं लाल. पण अंगठ्याखालून थेंब गळत नव्हता. काका दुपारचे पडले होते, कूस बदलताना खपली उशीला घासली. त्या रिक्षातून पाऊण तास आल्या होत्या. वाटेत कोन गावाजवळ ट्रकांची रांग लागलेली होती.

मी म्हणालो, काकी, आता सोडा, मी धरतो. त्या सोडेनात. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी मीच आहे याची खात्री केली.

"सांगतोस ना? काढू?"

"सांगतो."

मी माझा अंगठा त्यांच्या अंगठ्याच्या कडेला टेकवला, त्यांनी त्यांचा तसूतसूने मागे घेतला, मी माझा तसूतसूने पुढे सरकवला. क्षणभर एक कारंजं माझ्या चष्म्यापर्यंत आलं. मग थांबलं. त्यांचा अंगठा वाकत नव्हता. तो तसाच ताठ धरून त्या रुग्णवाहिकेत चढल्या.

डॉक्टरांनी फोन करून नव्या मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात सर्जन तयार ठेवले होते. तिथपर्यंत मी अंगठा धरून होतो. त्या वाटेचं मला जे आठवतं ते स्वप्नासारखं आहे. सायरन वाजत असणार, पण मला ऐकू येत नव्हता. खिडकीतून खाडी दिसत होती, ओहोटी लागली होती, चिखलावर बगळे उभे. आणि माझ्या अंगठ्याखाली शीर थरथरत होती. एका माणसाचं सगळं रक्त दर काही मिनिटांनी माझ्या एका बोटाखालून जात होतं आणि ते बोट कुणाचंही असतं तरी चाललं असतं, हे मला फार स्पष्ट कळत होतं. काका मध्येच म्हणाले, "भरती हाय का?" मथुराबाई म्हणाल्या, हाय, तुमी पडून ऱ्हावा.

सर्जननी दारातच सांगून टाकलं. रक्त थांबवणं अवघड नाही, शीर बांधली की थांबेल. पण बांधली तर हा हात संपला. उजवा गेलेलाच आहे. मानेची नळी एकदा अंगाशी आलीय. फुगे कापून चांगली शीर चांगल्या शिरेला जोडता आली तर जोडतो. आत गेल्याशिवाय कळणार नाही.

ते आत गेले. बाहेर एका बाकावर मी आणि मथुराबाई. त्या अंगठा चोळत होत्या. मला वाटलं, आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. मी सांगितलं. जागा बदलायला हव्या होत्या, मी बदलल्या नाहीत, त्यामुळे हे झालं. त्यांना दुखू नये म्हणून, आणि लोकांनी माझा हात हलका म्हणावं म्हणूनही.

त्यांनी अंगठा चोळणं थांबवलं. मग म्हणाल्या, "त्यांना ठाव व्हता."

मला कळेना.

"मिठागराच्या बांधाव एकाच वाटंनी पाय परला का बांध तिथंच खचतो. बांधाव काम केलेला मानूस त्यो. घरी बोलला मना, ह्यो पोर एकाच ठिकानी टोचतंय, ह्ये बरा नाय. मी बोलले, मंग सांगा त्याला. तर बोलतात कसं, नको, दुखत नाय ना."

मी मान खाली घातली. रडलो असं म्हणणार नाही, पण चष्मा काढावा लागला.

"आता तू नको रडू," त्या म्हणाल्या. "दोघं पन सारकंच. एक दुखला तं बोंबलतो, दुसऱ्याला बोंब आयकवत नाय. मधी माजा अंगठा मेला."

सर्जन बाहेर आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन्ही फुगे काढले होते. शीर जोडता आली होती. ते म्हणाले, सध्या थरथर लागतेय, पण दोन महिने या हाताला सुई नाही. टिकली तर टिकली.

ते दोन महिने मानेतल्या नळीवर काढायचे होते. तसल्याच नळीवर, जिने त्यांना एकदा मारायला घेतलं होतं. मी ती नळी जशी जपली तसं त्या खोलीत दुसरं काही जपलं नसेन. हात धुऊन धुऊन माझी बोटं सोलवटली. ताप आला नाही. शकीलने एकदाही "बोललो होतो" असं म्हटलं नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्याने मला दर पाळीला खाली मान घालायला लावली. शिकाऊ मुलींना मी हातांची चित्रं काढून दिली. प्रत्येक पेशंटच्या हाताचं एक चित्र पलंगाच्या पायथ्याशी अडकवलं आणि रोजच्या सुईची जागा त्यावर टिंबाने नोंदवायला लावली. माझेही पेशंट आता विव्हळू लागले. सुकापूरच्या बाईंनी मला विचारलं की तुमचं घरी काही बिनसलंय का.

तो हात पुढे सहा वर्षं चालला. काका गेले ते हृदयाने, त्यांच्या घरी, सकाळी चहा पिताना. पण मला सांगायचाय तो दोन महिन्यांनंतरचा दिवस, नव्या शिरेत पहिली सुई घालायचा.

डॉक्टरांनी मुद्दाम शकीलला सांगितलं होतं. मला ते रास्त वाटलं. शकील ट्रे घेऊन पलंगाशी गेला तर काकांनी हात पाठीमागे घेतला. नवरा-बायकोचं आधीच ठरलं असावं, कारण मथुराबाई पलंगाच्या पायथ्याशी चित्राच्या बाजूला ठाण मांडून उभ्या होत्या. शकील हसला, ट्रे माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे, माझ्या खांद्याशी उभा राहिला. गेला नाही.

मी म्हणालो, "काका, नवीन जागा आहे. दुखेल."

"दुखंल तं दुखंल."

मी दंडाच्या खालच्या टोकाला, व्रणापासून दूर, कातडी ताणून धरली. कधी कुणी टोचलेली नव्हती अशी कातडी. माझा हात त्या दिवशी हलका नव्हता. सुई आत गेली तशी काकांनी एवढ्या मोठ्याने आईला हाक मारली की सहाही पलंगांवरची गुंगी उडाली आणि तळोज्याचे सुपरवायझर उठून बसले. नळीत रक्त चढलं, लाल, जोरदार.

"दुखलं का फार?" मी विचारलं.

"दुखला ना मंग," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. थोडा दम खाऊन त्यांनी उजव्या हाताने स्वतःचा दंड चाचपला. "दुसरी कुठं?"

मी वरची जागा दाखवली. त्यांनी तिथे बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. मथुराबाईंनी माझ्या खिशातलं पेन काढलं, चित्रातल्या हातावर पहिलं टिंब केलं आणि म्हणाल्या, "परवाची जागा पन आताच दाव. नाय तं परवा ह्यांच्या पुढं तुजा काय चालनार नाय."